तीस माणसं आणि एक धक्का

स्टॉकहोम,
रविवार, सप्टेंबर अखेर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही "बरं आहे ना? मग झालं" म्हणता आणि फोन आईच्या हातात देता. म्हणून आज पत्र. आई वाचून दाखवील. मध्येमध्ये ती पदरचं घालील, तेवढं सोडून द्या.

आज लाकडी जहाज बघितलं. चित्रातलं नाही, नमुनाही नाही, खरं. वासा त्याचं नाव, स्वीडनच्या राजाचं जुनं लढाऊ जहाज. पुढच्या तिरक्या काठीसकट ६९ मीटर लांब. यूर्गोर्डेन नावाच्या बेटावर त्याच्यासाठी मोठी इमारत बांधली आहे, १९९० साली उघडली. आत जवळजवळ अंधार असतो, उजेडानं लाकूड खराब होतं म्हणून. दारातून आत गेले आणि एकदम समोर तो काळा डोंगर! मला आधी तुमची शेड आठवली. पावसाळ्यात वर ओढलेल्या होड्यांच्या पोटाखाली आम्ही लपाछपी खेळायचो ना, तसं वाटलं. फक्त ही होडी सहा-सात मजली.

ओकचं लाकूड. आपल्याकडे सागाला जो मान, तो इकडे ओकला. १६२८ साली १० ऑगस्टला जहाज पहिल्यांदा निघालं आणि १३०० मीटर जाऊन बुडालं. आपल्या घरापासून बंदराच्या जेटीपर्यंतसुद्धा यापेक्षा जास्त होईल. वारा किरकोळ होता. दहापैकी चारच शिडं लावली होती. सलामी द्यायची म्हणून तोफांच्या खिडक्या उघड्या होत्या. एक झुळूक आली, जहाज कललं, सावरलं. दुसरी आली तेव्हा खालच्या ओळीतल्या खिडक्यांतून पाणी आत शिरलं. काठावर अख्खं शहर बघायला जमलेलं. तीसेक माणसं गेली. खलाशांच्या घरच्यांना थोड्या अंतरापर्यंत सोबत येऊ दिलं होतं, त्यामुळे त्यात बायकाही होत्या. एका सांगाड्याला इतकी वर्षं पुरुष समजत होते. ती बाई होती, हे २०२३ मध्ये कळलं.

तुम्ही विचाराल, चूक कुठे झाली? ६४ तोफा, त्यातल्या ४८ एकेक टनाहून जड, आणि त्या दोन मजल्यांवर मांडलेल्या. रुंदी मात्र जेमतेम पावणेबारा मीटर. वरचं सगळं जड आणि खाली तोल राखायला, तुम्ही ज्याला नीरम म्हणता ते दगड घालायला पुरेशी जागाच नाही. जास्त घातले असते तर खालच्या खिडक्याच पाण्याला लागल्या असत्या. मोठा मेस्त्री हेन्रिक ह्यूबर्टसन हॉलंडचा. तो जहाज पुरं व्हायच्या आदल्या वर्षीच वारला. आणि बाबा, ऐका: जहाजात चार मोजपट्ट्या सापडल्या. दोन स्वीडनच्या फुटाच्या, १२ इंची. दोन अ‍ॅमस्टरडॅमच्या फुटाच्या, ११ इंची. एका होडीवर दोन गज! जहाजाच्या दोन्ही बाजू सारख्या नाहीत म्हणतात. मी काचेशी उभी राहून त्या पट्ट्या बराच वेळ बघत होते. मागचे लोक खोकायला लागले तेव्हा हलले.

३३३ वर्षं ते ३२ मीटर खोल पडून होतं. अँडर्स फ्रान्सेन नावाच्या माणसानं १९५६ मध्ये वरून हत्यार टाकून काळ्या ओकचा तुकडा काढला आणि जागा सापडली. पाणबुड्यांनी खालच्या चिखलात सहा बोगदे खणून त्यातून तारा ओवल्या आणि २४ एप्रिल १९६१ ला जहाज वर आलं. सुकलं की लाकूड आक्रसून फाटतं, हे तुम्हाला काय सांगायचं! म्हणून मेणासारखं एक रसायन सतरा वर्षं फवारत होते. खिळे सगळे गंजून गेले होते, लाकूड मात्र शाबूत. कारण लाकूड पोखरणारा किडा इकडच्या समुद्रात नाही. त्याला खारं पाणी लागतं.

हे मला पटेना. समुद्र आणि खारा नाही?

बाहेर आले तर ट्राम समोरून गेली. म्हटलं, चालतच जाऊ. पुढचं ठिकाण होतं नॅशनल म्युझियम, चित्रांचं. पाण्याच्या कडेकडेनं दोनेक किलोमीटर. पूल ओलांडला की स्त्रांडव्हेगेन हा रस्ता लागतो. एका हाताला श्रीमंतांच्या इमारती, मध्ये लिंडेनच्या झाडांच्या रांगा, दुसऱ्या हाताला धक्का आणि धक्क्याला लागलेल्या जुन्या लाकडी होड्या. पूर्वी इथे बेटांवरून जळाऊ लाकूड भरून होड्या यायच्या आणि धक्क्यावरच ढीग लागायचे. आता त्यांतल्या काहींवर माणसं राहतात, फुलांच्या कुंड्या ठेवतात. एका होडीच्या फळ्यांत सांध्याला दोरी भरलेली दिसली. तुम्ही भरायचात तशी नीट नव्हती, उगाच कौतुक करत नाही.

तिथे एके ठिकाणी पायऱ्या खाली जातात. मी खाली उतरले, बोट बुडवलं आणि चाटलं. एक बाई कुत्र्याला घेऊन चालली होती, ती थांबून बघत राहिली. बाबा, खरंच खारं नाही. आईनं आमटीत मीठ घालायला विसरावं तेवढंच. मेलारेन नावाचं मोठं तळं शहराच्या मधूनच समुद्राला मिळतं, त्याचं गोडं पाणी. भरती-ओहोटीही नसल्यासारखीच. धक्क्याच्या दगडावर ओल्याची रेघ नाही, शेवाळाचा पट्टा नाही. घड्याळाशिवाय भरतीची वेळ सांगणाऱ्या माणसाला इथे काही कामच नाही.

नॅशनल म्युझियमबद्दल फार लिहीत नाही, पाय दुखत होते. इमारत १८६६ ची. जिन्यावर एक अवाढव्य चित्र आहे, कार्ल लार्सनचं, दुष्काळ टळावा म्हणून राजाचा बळी देतात असं. त्यानं ते त्याच भिंतीसाठी काढलं होतं. म्युझियमनं नाकारलं, तो बिचारा १९१९ मध्ये गेला. चित्र फिरत फिरत जपानला विकलं गेलं, आणि शेवटी १९९७ मध्ये यांनीच विकत घेऊन त्याच भिंतीवर लावलं. मला चित्र फारसं आवडलं नाही, सोनेरी-लाल फार झालंय. पण भिंतीनं वाट बघितली म्हणायची. इथेच २००० साली डिसेंबरात दरोडा पडला होता. तीन चित्रं घेऊन चोर मोटारबोटीतून पळाले. (पुढे तिन्ही सापडली.) पाण्याच्या गावात चोरसुद्धा पाण्याचेच!

म्युझियमच्या या भागाला ब्लासीएहोल्मेन म्हणतात. पूर्वी हे बेट होतं. वासा इथेच बांधलं. मी सकाळपासून जहाजाकडून निघून जहाजाच्या शेडकडे चालत आले होते आणि मला पत्ताच नव्हता! समोर पाण्यापलीकडे राजवाडा. बांधलेलं जहाज तिथे खाली नेऊन त्यावर तोफा चढवल्या.

मग पाय दुखत असतानाही पूल ओलांडून पुढच्या बेटाच्या पूर्वेच्या काठाला गेले. समोर पाणी, पलीकडे वासाची इमारत. तिच्या छपरावर डोलकाठ्या उभ्या केल्यात, मूळ जहाजाच्या डोलकाठ्या होत्या तेवढ्याच उंच. त्या पाण्यातच कुठेतरी ते बुडालं होतं. बांधलं ते माझ्या मागे, बुडालं ते पुढ्यात, आता उभं आहे ते समोर. सगळं हाकेच्या अंतरावर.

एक गोष्ट राहिली, आणि पत्र खरं तर तिच्यासाठीच आहे. जहाज निघायच्या आधी त्यांनी पारख केली होती. तीस माणसं डेकवरून या कडेपासून त्या कडेपर्यंत एकदम पळवली. तीन वेळा पळाल्यावर जहाज इतकं डुलायला लागलं की बघत असलेल्या अ‍ॅडमिरलनं पळणं थांबवलं. थांबवलं ते पळणं. जहाज नाही! राजा गुस्ताव अडॉल्फ तिकडे लढाईवर होता, लवकर पाठवा म्हणून त्याचा तगादा. धक्क्यावरच्या सगळ्यांना कळलं होतं आणि कोणी कळवलं नाही. नंतर चौकशी बसली. कप्तानाला विचारलं, मेस्त्र्याच्या जागी आलेल्याला विचारलं. मापं तर राजानंच मंजूर केलेली. कोणालाच शिक्षा झाली नाही.

मला तुमची ती ट्रॉलरची केबिन आठवली. मी सातवीत होते. मालकाला वर आणखी एक मजला चढवायचा होता. तुम्ही म्हणालात, ही होडी ते पेलणार नाही. तो म्हणाला, तुम्ही मेस्त्री आहात, मालक मी आहे. तुम्ही वाकस, पटाशी, गज पिशवीत घातलंत आणि घरी येऊन जेवायला बसलात. त्या गणपतीला आम्हाला नवे कपडे नव्हते. ती होडी पुढे बुडली नाही, हे खरं. आई अजून ते काढते, आणि आत्ता वाचताना तिनं नक्कीच काढलं असेल.

तुम्ही तेव्हा कोणाला डेकवर पळवलं नव्हतं. नुसते धक्क्यावर उभे राहून बघत होतात, एक पाय कडेच्या फळीवर ठेवून. तुम्हाला काय दिसलं होतं? मी कधी विचारलं नाही. पुढच्या रविवारी फोन करीन तेव्हा "बरं आहे ना" म्हणू नका, हे सांगा.

इकडे थंडी सुरू झाली. तुमचा लोकरीचा गळपट्टा घेतलाय. आईला म्हणावं, येणाऱ्या कोणाबरोबर आगळ पाठव, पण बाटलीला दोन पिशव्या घाल, गेल्या वेळेस सगळे कपडे लाल झाले होते.

तुमची,
बाय