चित्रासमोर मुलांना बोलू द्या

महोदय,

चेक शिक्षणतज्ज्ञ कोमेनियसने १६५८ साली चित्रांच्या आधारे लॅटिन शिकवणारे पुस्तक मुलांच्या हाती दिले, तरी आपल्याकडे पहिलीच्या वर्गात ‘घ घराचा’ म्हणत चित्रावर बोट ठेवायचे आणि लगेच पान उलटायचे, हीच रीत अजून बऱ्याच ठिकाणी दिसते. सातपुड्यातील शाळेत मी आठवडी बाजाराचे मोठे चित्र फळ्यावर लावले, तेव्हा घरी पावरी बोलणारी, महिनाभर गप्प बसलेली एक मुलगी त्यातल्या कोंबड्यांकडे बोट दाखवून आपल्या बोलीत भरभरून बोलू लागली. तिच्या शब्दांशेजारी मी मराठी शब्द लिहिले आणि दुसऱ्या दिवशी ‘कोंबडी पळाली’ हे वाक्य ती आपणहून बोलली. चित्र मात्र ओळखीचे हवे. सफरचंदापेक्षा मोहाची फुले तिथल्या मुलांना लवकर बोलते करतात. चित्रवाचनासाठी वेळापत्रकात स्वतंत्र तासिका राखून ठेवावी, ही कळकळीची विनंती.

– एक प्राथमिक शिक्षिका, नंदुरबार