जयगडच्या मेस्त्रींना, देवगडहून

आदरणीय मेस्त्री,
सा. न. वि. वि.

तुम्ही दुरुस्त करून दिलेली होडी देवगडच्या बंदरात सुखरूप आहे. तळाला बोटभर पाणी जमतं, तुम्ही सांगितलं होतं तेवढंच. निघताना तुम्ही म्हणालात, "पोचलात की पाणी किती येतंय तेवढं कळवा, बाकी काय कळवू नका." पण बाकीचं कळवल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि ते चार लोकांनी वाचावं असंही वाटतं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. तुमचं नाव घालू नको म्हणालात, ते पाळलंय.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका डोलकाठीची, सत्तावीस फुटी, सागवानी शिडाची होडी मी मुंबईकडे जुनी विकत घेतली. ती दुरुस्त करून शिडावरच देवगडला घरी आणायची, हे माझं कितीतरी वर्षांचं मनात होतं. आमचे अण्णा तरुणपणी मचव्यावर होते. मंगलोरी कौलं, मीठ, लाकूड भरून शिडावर मुंबई गाठणाऱ्यांतले ते शेवटचे. आता त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. आपल्या घरची होडी शीड चढवून बंदरात येताना त्यांनी पुन्हा पाहावी, एवढीच माझी इच्छा होती.

मुंबईजवळच्या एका यार्डात होडी अख्खा पावसाळा होती. त्यांचं नाव घेत नाही. गोड बोलत होते, दर आठवड्याला फोटो पाठवत होते, पैसे आगाऊ घेत होते. शेवटी चकचकीत पांढऱ्या रंगातली होडी माझ्या हवाली करताना "नवी करून दिली" असं म्हणाले. मी आणि माझा मावसभाऊ निघालो. पहाटे जमिनीकडून येणाऱ्या मतलई वाऱ्यावर खाडीबाहेर पडायचं, दुपारी वायव्येचा वारा सुटला की शीड भरून दक्षिणेला धावायचं. खांदेरी, कोर्लई, जंजिरा मागे पडले. हर्णैपर्यंत कसलीच तक्रार नव्हती. दाभोळच्या पुढे, अंजनवेलचं टाळकेश्वरचं दीपगृह डाव्या हाताला असताना, पायाखालची फळी तरंगायला लागली. पंप थांबवला की पाणी चढायचं. जयगडच्या खाडीत शिरलो तेव्हा आम्ही दोघं आळीपाळीने बादलीने उपसत होतो. यार्डाला फोन लावला तर उचलला नाही. दुसऱ्या एका जाणकाराने होडी न बघता, नुसत्या फोटोवरून "जुनं लाकूड आहे, जाळायला काढा" असा निकाल दिला.

तुम्ही मात्र आधी होडी बघितलीत. ओहोटीला ती वाळूत टेकली तशी गुडघाभर चिखलात उतरून, हातातल्या मोगरीने पुढच्या नाळेपासून मागेपर्यंत एकेक फळी ठोकत गेलात. मधे एकदाही बोलला नाहीत. मग मोगरी माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "आता तुम्ही ठोका." वर टणक आवाज येत होता, खाली पठाणाजवळ, म्हणजे तळाच्या कण्याजवळ, आवाज बसका, मेलेला. तिथे तुम्ही पटाशी लावलीत. वरचा फायबरचा थर सालासारखा सुटला आणि आतलं ओलं, काळं लाकूड बोटाने उकरून यायला लागलं. ओल्या फळ्यांवर फायबर चढवलं की आतला ओलावा बाहेर जात नाही आणि लाकूड तिथल्या तिथे कुजतं, हे तुम्ही मला दाखवलंत. खारं पाणी सागाचं फारसं वाईट करत नाही, पावसाचं गोडं पाणी सांध्यातून झिरपून आत साठतं ते करतं, हेही त्याच वेळी कळलं. तांब्याच्या खिळ्यांशेजारी यार्डवाल्यांनी लोखंडी बोल्ट मारले होते. खाऱ्या पाण्यात तांब्याच्या शेजारी लोखंड टिकत नाही. त्यातला एक तुम्ही दोन बोटांत धरलात आणि त्याचा भुगा झाला.

हे सगळं माहीत असणारी माणसं त्या यार्डातही असणार. त्यांनी कुजलेल्या जागी लांबी (पुट्टी) भरली आणि वरून रंग मारला. आम्ही दोघं त्या रंगाच्या भरवशावर उघड्या समुद्रात होतो. मेस्त्री, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही आणि जावा असंही मला वाटत नाही.

तुमच्या कामाबद्दल लिहायला बसलो तर वही पुरणार नाही, आणि मला त्यातलं सगळं नीट सांगताही येणार नाही. मोडलेल्या दोन वाकांसाठी, म्हणजे होडीच्या फासळ्यांसाठी, तुम्ही बाभळीची तसल्याच बाकाची लाकडं शोधून आणलीत. वाकवलेलं लाकूड नको, वाढतानाच वाकलेलं हवं, असा तुमचा हट्ट. जुन्या फळीशी नवी फळी जुळेपर्यंत रंधा मारणं, पुन्हा लावून बघणं, पुन्हा काढणं. सांध्यांत कापूस बसवणं, त्यावर राळ. होडी पाण्यात सोडली तेव्हा पहिल्या दिवशी पाणी येताना बघून माझा चेहरा उतरला, तर तुम्ही म्हणालात, "लाकडाला पाणी पिऊ द्या, मग बोला." दोन भरत्या गेल्या आणि सांधे फुगून बंद झाले.

पण माझ्या मनात कायमचं राहिलंय ते यातलं काहीच नाही.

रोज संध्याकाळी जेटीवर माणसं जमायची. मुंबईची होडी, पांढराशुभ्र रंग आणि आत कुजलेली, याची चर्चा व्हायची. त्या दिवशी अण्णांचा फोन आला. त्यांना मी पाणी येतंय एवढंच सांगितलं होतं, पुढचं सांगायची हिंमत होत नव्हती. होडी घेताना ते म्हणाले होते, "परक्याची जुनी होडी म्हणजे परक्याचा जुना रोग." आता ते विचारत होते, "होडी खंय आसा? अजून कित्याक रवलास?" मी काहीतरी पुटपुटत होतो. जेटीवरची माणसं ऐकत होती. तुम्ही लाकूड तासायची वाकस खाली ठेवलीत, धोतराला हात पुसलेत आणि माझ्याकडून फोन घेतलात.

"भाऊ, होडी हाडाची चांगली हाय," तुम्ही म्हणालात. "उशीर माझ्याकडनं झाला. माझं काम उरलंय थोडं. तुमच्या पोराची काय चूक नाय."

उशीर तुमच्याकडून झाला नव्हता. तुम्ही दुसऱ्या कुणाच्या ट्रॉलरचं काम बाजूला ठेवून माझ्या होडीला हात लावला होतात, हे मला तुमच्या मुलाकडून नंतर कळलं. तरीही त्या माणसांसमोर, कधीही न भेटलेल्या एका म्हाताऱ्या दर्यावर्दीला, तुम्ही तो उशीर स्वतःच्या अंगावर घेऊन सांगितलात. फोन मला परत दिलात आणि पुन्हा वाकस उचललीत. त्यानंतर जेटीवर कुणी होडीला कुजकी म्हणालं नाही. अण्णांनीही पुन्हा उशिराबद्दल विचारलं नाही. रोज फोनवर फक्त विचारायचे, "मेस्त्री काय म्हणता?"

मला तुम्ही एक शब्दही लपवून सांगितला नव्हतात. कुठली फळी मेलेली, कुठली चार वर्षं टिकेल, कुठली आपल्या दोघांच्या मागे राहील, सगळं तोंडावर. आणि लोकांपुढे मात्र माझी आणि होडीची अब्रू झाकलीत. यार्डवाल्यांनी नेमकं उलटं केलं होतं. त्या संध्याकाळी मी होडीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिलो, कारण डोळे भरून आले होते. तुम्ही ते बघितलंत की नाही मला माहीत नाही. बघितलं असलंत तरी तुम्ही तसं दाखवणाऱ्यांतले नाही.

मोबदल्याचंही तसंच. हिशेब तुम्ही फळीच्या तुकड्यावर पेन्सिलीने मांडलात आणि उरलेले तांब्याचे खिळे कागदाच्या पुडीत बांधून परत दिलेत. ज्यांना मी दसपट पैसे मोजले होते, त्यांनी जुने खिळेसुद्धा परत केले नव्हते.

निघाल्यावर वाटेत हाच विचार येत राहिला. जयगडपासून देवगड म्हणजे जेमतेम पन्नास-पंचावन्न सागरी मैल. गणपतीपुळं, रत्नदुर्गावरचं दीपगृह, पूर्णगड, जैतापूर, सगळं ओळखीचं. विजयदुर्गाजवळ किल्ल्याच्या पाण्याखालच्या भिंतीपासून लांबून वळसा घेतला आणि रात्रीपुरतं वाघोटणच्या खाडीत थांबलो. तिथेच आत गिर्ये गावच्या हद्दीत मराठी आरमाराची गोदी आहे, खडक फोडून केलेली. तिथे गलबतं दुरुस्त करणाऱ्या सुतारांची नावं कुठल्या बखरीत मला वाचल्याची आठवत नाहीत. किल्ल्यांची, आंग्र्यांची, धुळपांची नावं आपण घेतो आणि घ्यायलाच हवीत. पण खालची कुजकी फळी ओळखणारा, ती झाकायचं नाकारणारा कुणीतरी त्या गोदीत होता म्हणूनच ते आरमार तरंगलं. मुंबईत जहाजं बांधणाऱ्या वाडियांच्या देखरेखीखाली १८१७ साली मलबारी सागात बांधलेलं त्रिंकोमाली हे जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर आहे. जुनं लाकूड जाळायला काढा म्हणणाऱ्यांना हे सांगावंसं वाटतं. लाकूड दोनशे वर्षं टिकतं, त्याच्याकडे बघणारा माणूस खरा हवा.

अशी माणसं आपल्या किनाऱ्यावर अजून आहेत. हर्णैला डिझेलचे पैसे न घेणारा पोरगा, आम्ही उपसत येतोय हे बघून स्वतःची होडी सोडून दोर टाकायला आलेले जयगडचे दोघं खलाशी. त्यांचेही आभार इथेच मानतो. फायबरच्या होड्या आल्या, लाकडी कामं कमी झाली, तुमच्या मुलाने मोटारीच्या कंपनीत नोकरी धरली. त्याला मी दोष देत नाही. पण तुमच्या हातातलं कुणीतरी शिकून घ्यायला हवं, याची मला काळजी वाटते. तुम्ही तयार असाल तर आमच्याकडचे दोन होतकरू मुलगे गणपतीनंतर तुमच्याकडे पाठवतो. त्यांच्या राहण्या-जेवणाचं मी बघतो.

देवगडात शिरलो तेव्हा दुपारचा वारा भरात होता आणि दोन्ही शिडं वर होती. अण्णा जेटीवर खुर्ची टाकून बसले होते. होडी लागल्यावर त्यांनी मला काही विचारलं नाही. काठी टेकत वर चढले, आत उतरले आणि नव्या फळीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "हो मेस्त्री खंयसर शिकलो?" मी सांगितलं, त्यांच्या वडिलांकडे. त्यावर म्हणाले, "माका त्येंच्याशी बोलूचा हा."

तर मेस्त्री, ते रोज संध्याकाळी सहानंतर घरी असतात. जुन्या मचव्यांच्या गोष्टी काढतील, वेळ काढून बोला. हापूसची एक पेटी एसटीने पाठवली आहे, ती तुमच्या घरच्यांसाठी आहे, मजुरीत धरू नका. आणि एक विचारायचं राहिलं. आगोटी (पावसाळ्याची सुरुवात) लागण्याआधी होडी वर ओढायची आहे. टेकू कुठे द्यायचे त्या खुणा तुम्ही काठाच्या पट्टीवर रंगाने करून दिल्यात, त्यातली मागची डावीकडची दोराने घासून गेली आहे. ती नव्या वाकाच्या पुढे घ्यायची की मागे, तेवढं कळवा.

आपला कृतज्ञ,
देवगडचा होडीवाला