डावीकडे वळताना

प्रिय मुकुंद,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राला सात महिने उत्तर दिले नाही, आणि आज लिहितो आहे तेही क्षेमकुशल कळवण्यासाठी नव्हे. गेल्या रविवारी आपल्या गाडीचे पॉवर स्टिअरिंगचे ऑइल मी घरीच बदलले आणि त्यात तुझ्यावर नऊ वर्षांपूर्वी केलेला आरोप खोटा ठरला, म्हणून लिहितो आहे. माझा गुडघा होता तसाच आहे आणि रक्तदाब गोळीने आटोक्यात आहे.

‘आपली गाडी’ असे सवयीने लिहून गेलो. पैसे मोजून घेतलेस, कागद माझ्या नावावर झाले, तरी ती कुरकुरू लागली की मला अजून तुझाच राग येतो. डावीकडे पूर्ण वळवताना ती घरघर सुरू झाली तेव्हा बंडूच्या लग्नात, चारचौघांसमोर, तू स्टिअरिंगच्या ऑइलच्या टाकीत ब्रेक ऑइल ओतले असणार असे मी ठणकावून सांगितले होते. तू शांतपणे म्हणालास की ब्रेक ऑइलने एव्हाना रबरी सील फुगून गळती लागली असती. कुठून तरी हवा ओढली जाते आहे, पाइप बघ. मी पाइप बघितला नाही, उलट पंधरा दिवस तुझ्याकडे बघणे बंद केले.

रविवारी आधी मी आळशी माणसाचा मार्ग धरला होता. सिरिंजने टाकीतले ऑइल ओढून काढायचे, नवे भरायचे, इंजिन चालू करून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचे आणि पुन्हा तेच करायचे. मग तुझी गणिताची वही आठवली. टाकीत मावते जेमतेम ३०० मिलिलिटर आणि सगळ्या यंत्रणेत मिळून असते लिटरभर. म्हणजे दरवेळी सात दशांश जुने ऑइल मागे उरते आणि तीन फेऱ्यांनंतरही एक तृतीयांशाहून अधिक तेच काळे पाणी फिरत राहते. तू असतास तर चौथ्या फेरीचा आकडा तोंडी सांगून मला वैताग आणला असतास.

म्हणून पुढची चाके जॅकने उचलून गाडी स्टँडवर ठेवली. रॅककडून, म्हणजे चाके वळवणाऱ्या दांड्याकडून, टाकीकडे परत येणारा पाइप सोडवून पारदर्शक बाटलीत घातला आणि टाकीचे उघडे तोंड बुचाने बंद केले. इंजिन बंदच ठेवले, फक्त स्टिअरिंग लॉक होऊ नये म्हणून किल्ली फिरवून ठेवली. मी आत बसून हळूहळू फिरवत होतो आणि पुतण्या टाकी रिकामी पडू न देता नवे ऑइल ओतत होता. त्याच्या हाती बाटली देण्यापूर्वी टाकीच्या झाकणावरची अक्षरे भिंग लावून वाचली, कारण तिथे ऑइलचा जो प्रकार लिहिलेला असतो त्यात आपली हुशारी चालवू नये, हे तूच शिकवले होतेस. बाटलीत प्रथम काळपट तपकिरी, जळका वास येणारे ऑइल आले, मग विटकरी, आणि अखेरीस स्वच्छ लाल.

आता मुख्य गोष्ट सांगतो. टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या पाइपाची क्लिप पुसायला गेलो, तर पक्कड लावण्याआधीच ती बोटाने गोल फिरली. तिच्याखाली ओशट धुळीचे काळे वळे जमले होते, पण गळणारा थेंब एकही नव्हता. त्या बाजूला पंप ओढत असतो, त्यामुळे ऑइल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते, तिचा फेस होतो आणि तो फेस पंपात घरघरतो. नऊ वर्षे! नवी क्लिप बसवली, इंजिन बंद ठेवून वीस वेळा स्टिअरिंग फिरवले, बुडबुडे येईनासे झाले तेव्हा कुठे किल्ली दिली. आवाज गेला.

गेला असे लिहिले खरे, पण तिथेच माझी काळजी अडकली आहे. सकाळी गार इंजिन सुरू करून डावीकडे पूर्ण वळवले की दोन-तीन सेकंद बारीक कण्हल्यासारखे ऐकू येते, मग नाही. जुन्या ऑइलमध्ये लोहचुंबक फिरवला तर त्यावर काजळीसारखा करडा लेप चढला. तेवढा जुन्या पंपात असायचाच, पण एक कण चकाकल्यासारखा वाटला; तो पात्याचा तुकडा होता की माझ्या चष्म्यावरचे ऊन, ते सांगता येत नाही. इतकी वर्षे फेसावर चालून पंपाची पाती झिजली असतील का? त्यात गेल्या वर्षी मेकॅनिकला आवाज ऐकवण्यासाठी मी स्टिअरिंग टोकाला अर्धा मिनिट दाबून धरले होते. पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नये, दाबाची झडप उघडून ऑइल तापते, हे मला ठाऊक होते. पण तो मेकॅनिक ‘मला काही ऐकू येत नाही’ म्हणाला आणि माझा हट्ट पेटला. आणखी बुडबुडे आत अडकले असतील आणि चार दिवसांत निघून जातील, अशी दिवसा मनाची समजूत घालतो. रात्री मात्र पंप बदलतो.

तुझ्या नव्या गाडीत हे काम विजेच्या मोटरवर होते, ऑइलच नाही, असे ऐकले. मग त्या गाडीवरून आपण भांडायचे कशावरून? मीराला नोकरी लागल्याचे कळले, फार आनंद झाला. वहिनींच्या डोळ्याचे ऑपरेशन नीट पार पडले ना?

पुढच्या महिन्यात येशील तेव्हा मुक्कामाला ये. आदल्या रात्रीपासून गाडी जागची हलवणार नाही आणि सकाळी इंजिन तुझ्यासमोरच सुरू करीन. मी डावीकडे वळवीन, तू बॉनेटपाशी कान देऊन उभा राहा आणि ऐकू येईल ते खरे सांग. बंडूलाही बोलावतो, कारण चारचौघांत बोललेले चारचौघांतच परत घ्यावे लागेल.

तुझा,
अनंत

ता. क. काढलेले काळे ऑइल झाकणबंद बाटलीत ठेवले आहे. गटारात ओतणार नाहीच, पण तू वास घेऊन पाहिल्याशिवाय गॅरेजातही देणार नाही.