मशीन कुठं थांबलं

सांगली, १२ ऑक्टोबर २०२५

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, हल्ली काय काय बघितलंस, कसं वाटलं?" तेवढ्यात एक बाई माप द्यायला दारात आली आणि मी "बरं होतं सगळं" म्हणून फोन ठेवला. सगळं काही बरं नव्हतं. दिवाळी आठ दिवसांवर आलीय, टेबलावर एकवीस ब्लाऊज पडलेत, पण रात्री अकरानंतर बाबांना मशीनचा आवाज नको असतो. म्हणून लिहायला बसलेय.

तू टीव्हीला ते सगळं जोडून दिल्यापासून मी सिनेमा बघते कमी, ऐकते जास्त. मान वर केली की टीप वाकडी जाते. त्यामुळे चांगल्या-वाईटाचा माझा हिशेब सोपा आहे. पायडलवरचा पाय आपोआप थांबला तर सिनेमा चांगला.

'लापता लेडीज'ला पाय दहा मिनिटांतच थांबला, तोही हसण्यानं. रेल्वेच्या डब्यात दोन नवऱ्या, दोघींच्या तोंडावर लाल पदर, आणि तो दीपक भलत्याचीच बायको उतरवून घरी नेतो. अगं, तोंड झाकलेलं असू दे, पण बाही? खांद्याची ठेवण? एकाच ताग्यातले दोन ब्लाऊज दोघींच्या अंगावर कधी सारखे बसतात का? मी त्या डब्यात असते तर पुढचा सिनेमाच झाला नसता. बाबा म्हणाले, "रात्र होती, अंधार होता." घ्या. पुढं मात्र माझं हसू गेलं. छाया कदमची ती स्टेशनवरची चहावाली मंजू माई त्या मागं राहिलेल्या पोरीला, फूलला, कामाला लावते, तिच्या कलाकंदाचे पैसे तिच्या हातावर ठेवते. पहिल्या कमाईकडं ती पोर कशी बघते ते परत एकदा बघ. मला पहिल्या फॉलचे पाच रुपये मिळाले होते, ती नोट मी दोन दिवस मोडली नव्हती. आपल्या देशाकडून तो ऑस्करला गेला होता, तिथं पुढं काही झालं नाही. मला त्याचं काही वाटलं नाही.

'छावा' मी फेब्रुवारीत थेटरात पाहिला. विकी कौशलनं जीव ओतलाय, त्याबद्दल वाद नाही. पण आवाज! दोन तास सगळे ओरडतायत. त्या सगळ्यांत अक्षय खन्नाचा औरंगजेब तेवढा हळू बोलतो, आणि भीती त्याचीच वाटते. शेवटचे हाल मी बघितले नाहीत, पदर डोळ्यावर धरून नुसते ऐकले. शेजारची मुलगी हुंदके देत होती, मागं कुणीतरी 'हर हर महादेव'ची गर्जना केली, माझ्याही अंगावर काटा आला. तरी घरी येताना वाटत राहिलं की 'बुधभूषण' लिहिणारे, संस्कृत जाणणारे संभाजीराजे आणखी थोडे भेटायला हवे होते. प्रदर्शनाआधी लेझीम नाचण्यावरून वाद झाला आणि तो भाग कापला, ते आठवत असेल तुला. शेवटी ते आपलंच खेळणं आहे, राजानं ते धरलं असतं तर मला तरी राग आला नसता. हे भिशीत बोलले तर चौघी माझ्यावर धावून आल्या.

भिशीवरून आठवलं. 'बाईपण भारी देवा' आला त्या पावसाळ्यात मी जेवढ्या नऊवारी शिवल्या तेवढ्या त्याआधी पाच वर्षांत शिवल्या नव्हत्या. सिनेमा जरा समजावून सांगत बसतो, पण त्यानं माझा मशीनला नवी मोटर बसवायचा खर्च भागवला, तेव्हा मी वाईट बोलणार नाही.

गेल्या महिन्यात बाबांना घेऊन 'दशावतार'ला गेले. बाबा झोपले नाहीत, यातच काय ते समज. दिलीप प्रभावळकर एक्क्याऐंशीचे आहेत गं! तोंडाला रंग लावताना त्यांचे हात बघत राहावेत. त्या कोकणातल्या नाटकांत नट आपला रंग आपणच लावतात, लुगडं आपणच नेसतात. मध्यंतरानंतर सूडाचा मामला सुरू होतो, ते मला घाईचं वाटलं. पण बाप-लेकाचा पहिला भाग सोन्यासारखा. पुढचं सांगत नाही.

आता 'ट्वेल्थ फेल'. हा मी उशिराच, या ऑगस्टमध्ये लावला. राष्ट्रीय पुरस्कार मिळाल्याची बातमी आली म्हणून. तू बघितलायस हे मला माहीत आहे, तू त्याबद्दल कधी बोलली नाहीस हेही माहीत आहे. आजीनं साठवलेले पैसे घेऊन तो पोरगा निघतो आणि बसमध्ये त्याची पिशवी चोरीला जाते, तिथं माझा पाय थांबला तो थांबलाच. नंतर तो पिठाच्या गिरणीत राबतो, केसांत-भुवयांत पीठ. ब्लाऊजच्या अस्तराचा धागा तसाच लोंबत राहिला.

सगळे त्या मनोजचं कौतुक करतात, करावंच. शेवटच्या संधीला यूपीएससीची परीक्षा पास झाला. पण माझं लक्ष त्या गौरीभैयावर होतं. त्याच्या सगळ्या संधी संपल्या, यादीत नाव आलं नाही, मग त्यानं चहाचं दुकान टाकलं आणि दुसऱ्यांची पोरं शिकवायला बसला. कॅमेरा त्याच्याजवळ फार थांबत नाही. मला त्याच्याजवळ थांबायचं होतं. तो रात्री दुकान बंद करताना काय विचार करत असेल? सकाळी पहिला चहा टाकताना तोंडाला चव असते का त्याच्या?

तुझ्या परीक्षेची दुसरी यादी लागली, तीत तुझं नाव नव्हतं, तेव्हा मी "जाऊ दे, नोकरी तर आहे" म्हणाले आणि हूक लावायला घेतले. तू आत गेलीस. त्या दिवशीचा ब्लाऊज मला नंतर उसवावा लागला, बाह्या उलट्या लागल्या होत्या. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

तुझी पुस्तकं अजून माळ्यावर आहेत. रद्दीवाला दोनदा आला, दोनदा मी परत पाठवला. बाबा म्हणतात शेजारच्या पोराला देऊ, तो यंदा बसतोय. द्यायची का ठेवायची ते तू आल्यावर ठरव. आणि येताना मापाचा ब्लाऊज आण, मागचा तुला दंडात घट्ट होतो म्हणालीस.

तुझी,
आई