चिलापीविषयी सदस्यांची बैठक

सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, उजनी धरणाच्या फुगवट्यात गळाला लागलेल्या चिलापीचे (तिलापिया मासळीचे) काय करावे, हे ठरविण्यासाठी येत्या रविवारी सकाळी 10 वाजता भिगवण येथे नेहमीच्या खानावळीत बैठक होईल.

मूळची आफ्रिकेतील ही मासळी 1952 साली भारतात आणली गेली. मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळत असल्यामुळे त्यांतली बरीच जगतात, आणि मादी गळावरून काढताना तोंडातली पिल्ले पुष्कळदा पाण्यातच सांडतात. अशी ती झपाट्याने वाढत असल्याने पकडलेली चिलापी परत सोडू नये, असे काही सदस्यांचे म्हणणे आहे. तर काठावरच्या मच्छीमारांचे पोट आज याच मासळीवर असल्याने तिचा नायनाट करण्याची भाषा करू नये, असे इतरांचे मत आहे. दोन्ही बाजू ऐकून घ्यायच्या आहेत. मात्र निव्वळ गळाने ती आटोक्यात येईल, या भ्रमात कोणी राहू नये.

निर्णय होईपर्यंत पुढील नियम सर्वांना बंधनकारक आहेत :

1. जिवंत चिलापी बादलीतून दुसऱ्या तळ्यात, विहिरीत किंवा नदीत नेऊ नये, आमिष म्हणूनही वापरू नये.
2. मरळ, वाम व शिंगाडा या देशी माशांची लहान पिल्ले ओल्या हातांनी सोडवून लगेच पाण्यात सोडावीत.
3. नको असलेली मासळी काठावर कुजत टाकू नये. ती खावी, नाहीतर पुरावी.

बैठकीस येऊ न शकणाऱ्यांनी आपले मत शुक्रवारपर्यंत सचिवांकडे लेखी द्यावे.

— सचिव