ग्रुपचे नियम सैल असोत, पण निर्णय उघड असावेत

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवडणूक जवळ आली, मिरवणुकीचा दिवस आला किंवा दोन सभासदांत शाब्दिक चकमक झाली, की गावांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपला ॲडमिन कुलूप लावतात आणि ‘फक्त ॲडमिनच संदेश पाठवू शकतील’ अशी व्यवस्था करून मोकळे होतात. टँकर कधी येणार, लाईट कुठे गेली, कोणाला दवाखान्यात न्यायला गाडी हवी, हे सारे ज्या ठिकाणी बोलले जाते तीच जागा त्यामुळे दिवसेंदिवस बंद राहते. यावर सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण ग्रुप चालवणे हे आता आपल्या सार्वजनिक जीवनातले खरेखुरे काम झाले आहे आणि ते कसे करावे याचा विचार मात्र फारसा होत नाही.

या कुलपामागे बहुतेक वेळा भीती असते. एखाद्या सभासदाने आक्षेपार्ह मजकूर टाकला तर पोलीस आपल्या दारी येतील, असे ॲडमिनला वाटते. गोंदिया जिल्ह्यात असा गुन्हा खरोखर दाखल झाला होता. ग्रुपमधील एका महिला सभासदाविषयी दुसऱ्या सभासदाने अश्लाघ्य भाषा वापरली आणि ॲडमिनने त्याला काढले नाही किंवा माफी मागायला लावली नाही, म्हणून ॲडमिनलाही आरोपी केले गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये ॲडमिनविरुद्धची ती कारवाई रद्द केली. ॲडमिनला सभासद जोडण्याचा व काढण्याचा मर्यादित अधिकार असतो, कोण काय लिहिणार हे त्याला आधी कळू शकत नाही आणि समान हेतू किंवा पूर्वनियोजित कट असल्याचे दिसत नसेल तर दुसऱ्याच्या मजकुरासाठी त्याला फौजदारी गुन्ह्यात जबाबदार धरता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. केरळ उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये याच धर्तीवर निकाल दिला. या निकालांमुळे ॲडमिनचे नैतिक कर्तव्य संपत नाही, हे मला मान्य आहे. त्या महिलेला ग्रुपमध्येच कोणी पाठीशी उभे राहिलेले दिसायला हवे होते. पण भीतीपोटी सगळ्यांचे तोंड बंद करण्याला आता कायद्याचे कारण उरलेले नाही.

दुसरीकडे, नियम काटेकोर केले की न्याय आपोआप होतो, असाही एक समज आहे. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जाहिरातीला बंदी आहे. उन्हाळ्यात एका बाईंनी घरी केलेल्या पापड-कुरडयांचे दर टाकले आणि तो संदेश अर्ध्या तासाच्या आत काढला गेला. त्याच आठवड्यात एका पदाधिकाऱ्याच्या नातलगाच्या प्लॉटविक्रीचे पत्रक मात्र ‘माहितीसाठी’ म्हणून तसेच राहिले. बाईंनी ग्रुपवर काही विचारले नाही, मात्र त्यानंतर त्यांनी तिथे लिहिणेच सोडले. माझ्या मते पापडांचा संदेश राहू द्यायला हवा होता. जाहिरातबंदीचा हेतू रोजच्या माऱ्यातून कामाचे निरोप वाचवणे हा आहे आणि वर्षातून एकदा आलेल्या शेजारणीच्या संदेशाने त्याला बाध येत नाही. याउलट, फिरत आलेल्या (फॉरवर्ड) संदेशांवर आमच्याकडे बंदी असूनही रक्त हवे असल्याचे असे संदेश चालतात, परंतु पाठवणाऱ्याने आधी दिलेल्या नंबरवर फोन करून गरज अजून आहे का हे विचारावे आणि ती वेळ संदेशात लिहावी, अशी प्रथा पडली आहे. नियमाला अपवाद केला, पण तो कोणासाठीही सारखाच केला, म्हणून त्यावर कधी वाद झाला नाही.

विकिपीडियाचे उदाहरण येथे उपयोगी पडते. कोणताही नियम ज्ञानकोश सुधारण्याच्या आड येत असेल तर तो बाजूला ठेवावा, असे तिथे नियमांमध्येच लिहिलेले आहे. इतकी मोकळीक देऊनही इंग्रजी विकिपीडियावर मनमानीला आवर घालणारे काही संकेत पक्के आहेत. ज्या वादात प्रचालक (म्हणजे तिथला ॲडमिन) स्वतः पक्षकार आहे त्यात त्याने आपले अधिकार वापरायचे नसतात. एखाद्याला रोखायचे ते पुढचे नुकसान टाळण्यासाठी, शिक्षा म्हणून नव्हे. कोणाला, कोणी, किती काळ आणि का रोखले याची नोंद सर्वांना वाचता येते आणि रोखलेल्या सदस्याला साधारणपणे स्वतःच्या चर्चापानावर फेरविचाराची विनंती करता येते. व्हॉट्सॲपवर ॲडमिनने इतरांचा संदेश काढला तर तो कोणी काढला एवढे दिसते, कारण मात्र दिसत नाही. ते दोन ओळींत लिहायला कितीसा वेळ लागतो?

आमच्या धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवरची फड पद्धत, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून पाणी वाटून घेण्याची जुनी रीत, या बाबतीत मला फार शहाणपणाची वाटते. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड, म्हणजे अनेकांची शेते मिळून झालेले मोठे भाग, पाडलेले असतात आणि त्या वर्षी किती पाणी आहे ते पाहून कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे हे शेतकरी मिळून ठरवतात. पाणी कमी, तर पीक बदलते. परंतु तो बदल संपूर्ण फडाला लागू होतो, एकट्यादुकट्याच्या शेताला नाही, आणि पाणी सोडणारा पाटकरी तो ठराव स्वतःच्या मर्जीने फिरवू शकत नाही.

ग्रुपमध्येही हे सहज करता येईल. ॲडमिन किमान तीन असावेत आणि ते एकाच घरातले किंवा एकाच पक्षाचे नसावेत. पहिल्या चुकीला खाजगीत समज, पुन्हा झाल्यास ग्रुपवर सूचना आणि त्यानंतर काही दिवसांपुरते बाहेर काढणे, असा क्रम असावा. धमकी, अश्लील मजकूर आणि धार्मिक तेढ वाढवणाऱ्या अफवांना हा क्रम लावू नये, ते तत्काळ काढावे. बाहेर काढलेल्या माणसाला परत येण्याची तारीख सांगावी, कारण गावाच्या ग्रुपमधून कायमचे काढणे म्हणजे पाण्याच्या आणि वर्गणीच्या निरोपालाही त्याला मुकवणे होय.

आपल्या वृत्तपत्राला विनंती आहे की नागपूर खंडपीठाच्या निकालातील मुख्य मुद्दे सोप्या मराठीत जिल्हा आवृत्त्यांतून छापावेत आणि आपले ग्रुप चांगल्या रीतीने चालवणाऱ्या ॲडमिनांचे अनुभव वाचकांकडून मागवावेत. पोलीस ठाण्यांतून ॲडमिनना दिल्या जाणाऱ्या सूचनांमध्येही कायद्याची ही बाजू नमूद व्हावी, यासाठी आपण पाठपुरावा केल्यास अनेक ग्रुपची कुलपे निघतील.

कळावे,
आपली विश्वासू,
एक वाचक, धुळे