खोकल्यातून रक्त : थुंकीच्या तपासणीवर थांबू नये

महोदय,

करोनानंतर मागे राहणाऱ्या धापेविषयी आपल्या पुरवणीतील लेख वाचला. त्यात फुप्फुसातील धमनी कुरतडली जाऊन होणाऱ्या रक्तस्रावाचा उल्लेख नाही. हा प्रकार दुर्मीळ खरा, पण वेळेत ओळखला नाही तर जीव घेणारा आहे, म्हणून हे पत्र.

मे 2021मध्ये माझा धाकटा भाऊ करोनातून बरा होऊन घरी आला. मधुमेह जुना होताच, त्यात स्टेरॉइडमुळे साखर चारशेच्या घरात गेलेली. तीन आठवड्यांनी त्याच्या खोकल्यातून रक्त पडू लागले. पहिल्या रुग्णालयात थुंकीची तपासणी, एक्स-रे आणि रक्त थांबवण्याच्या गोळ्या यांत सहा दिवस गेले. क्षयाची शंका घेण्यात चूक नव्हती. क्षयाने फुप्फुसात पडलेल्या पोकळीतही धमनी कुरतडली जाऊन फुगते आणि रासमुसेन या डॅनिश डॉक्टरांनी अशा फुगवट्याचे वर्णन 1868मध्येच केले आहे. चूक झाली ती थुंकीत जंतू सापडले नाहीत म्हणून शोध थांबवण्यात. पुढे दुसऱ्या शहरात सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन) केली, तेव्हा म्युकर या बुरशीने पोखरलेली पोकळी आणि तिच्या कडेला फुप्फुसधमनीवर आलेला फुगवटा दिसला. ही बुरशी रक्तवाहिनीच्या भिंतीतच शिरते. भिंतीचे थर फाटून असा फुगवटा तयार होतो आणि तो केव्हाही फुटू शकतो.

फुप्फुसाला रक्त दोन वाटांनी मिळते. महाधमनीकडून श्वासनलिकांना रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या ही एक वाट, आणि हृदयाच्या उजव्या बाजूने निघणारी फुप्फुसधमनी ही दुसरी. मोठा रक्तस्राव बहुतेक वेळा पहिल्या वाटेवरचा असतो, त्यामुळे डॉक्टर आधी तीच बंद करतात. तरीही रक्त थांबले नाही, तर दुसरी वाट तपासलीच पाहिजे. भावाच्या जांघेतील शिरेतून नळी घालून ती हृदयामार्गे फुप्फुसधमनीत नेली आणि धातूच्या बारीक कॉइल सोडून फुगवटा बंद केला. त्यानंतर कित्येक आठवडे अँफोटेरिसिन हे बुरशीवरचे औषध चालू होते, मूत्रपिंड आणि पोटॅशियमवर रोज लक्ष ठेवावे लागत होते. काही रुग्णांत फुप्फुसाचा तेवढा भाग शस्त्रक्रियेने काढावा लागतो. ती वेळ आमच्यावर आली नाही.

माझी विनंती अशी, की विषाणूसंसर्गानंतर मधुमेही रुग्णाच्या खोकल्यातून रक्त आले तर दोन्ही वाटा दिसतील अशी सीटी अँजिओग्राफी लवकर करण्याची पद्धत जिल्हा रुग्णालयांत रूढ व्हावी आणि कॉइल बसवण्याची सोय कुठे आहे, हे तिथल्या डॉक्टरांना आधीच ठाऊक असावे. आपणही या विषयावर एखाद्या इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टचा (रक्तवाहिनीत नळी घालून असे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा) लेख छापावा. त्यात एक गोष्ट जरूर यावी, जी आम्हाला रुग्णवाहिकेत बसल्यावर कळली : कोणत्या बाजूने रक्त येते हे माहीत असेल, तर रुग्णाला त्याच कुशीवर निजवायचे, म्हणजे दुसऱ्या फुप्फुसात रक्त उतरत नाही.

– एक वाचक, मिरज